आत ठेवलेला आवाज

पेशंट दार उघडून आत आला की मी आधी त्याच्याकडे बघत नाही, ऐकते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. भाजीवाल्यासमोर उभी असते तेव्हा हात गवारीत असतो आणि कान त्याच्या घशात.

मी वाचोपचाराचं काम केलं. "म्हणजे तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवता ना?" असं लोक विचारतात. तेही करायचेच. पण माझ्याकडे मोठी माणसंच जास्त यायची. वर्गात ओरडून आवाज बसलेले शिक्षक, घसा धरलेल्या गाणाऱ्या बायका, आणि दोन हजार सालच्या आसपास शहराच्या कडेला काचेच्या इमारती उठल्या तेव्हा टेलिफोनवर बोलून पोट भरणारी तरुण मंडळी.

माझा दवाखाना नारायण पेठेत, एका बुकबाइंडरच्या दुकानावर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगलेल्या. आवाज घुमू नये म्हणून हा घरगुती इलाज. आत शिरून दार लोटलं की पेठ कुणीतरी पांघरुणात गुंडाळून ठेवल्यासारखी लांब जाई. रिक्षा, हातगाड्या, खाली कागद कापायच्या यंत्राचा धप्प असा ठोका, सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटे. दुपारी चारच्या सुमाराला त्या खोलीत डोळे मिटून एखाद्याचं बोलणं ऐकताना मला पुष्कळदा वाटायचं, माणूस समोर नाहीच. नुसता आवाज खुर्चीवर येऊन बसलाय.

माझा स्वतःचा आवाज जाड. फोनवर "नमस्कार साहेब" ऐकत म्हातारी झाले. लहानपणी आत्या म्हणायची, "मुलीच्या जातीनं हळू बोलावं." हळू बोलले की तो आणखी जाड येई. आत्याने पुढे नाद सोडला.

आवाजाचं गणित बाहेरून सोपं दिसतं. घशात स्वरयंत्र असतं, त्यात दोन पातळ घड्या. श्वास त्यांतून जाताना त्या थरथरतात. वयात येताना मुलाच्या घड्या लांब आणि जाड होतात, मग त्या सावकाश थरथरतात आणि आवाज खाली उतरतो. हे झालं देहाचं काम. पण त्याच्या कितीतरी आधी, दोघांचे घसे जवळपास सारखे असतानाही, सहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा फोनवर बोलले तर मला बहुतेक वेळा ओळखू येत. ते घशाचं नसतं. कुठे थांबायचं, कुठे लाडात यायचं, कुणाला "ए" म्हणायचं आणि कुणापुढे गप्प बसायचं, हे मुलं घरातून उचलतात. आवाज आणि बोलणं या दोन गोष्टी आहेत, एवढंच मला पुस्तकांनी शिकवलं होतं. त्या दोन्हींत केवढं काय काय साठलेलं असतं ते गजाननमुळे कळलं.

गजानन आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. वर्ध्याच्या पुढच्या एका गावचा. शिष्यवृत्तीवर शिकून पुण्यात आला आणि एका संगणक कंपनीत लागला. परदेशातल्या गिऱ्हाइकांचं काही अडलं तर फोनवरून सोडवून द्यायचं, हे त्याचं काम. मी नेहमीप्रमाणे वहीत मान घालून बसले होते. "आत येऊ का, मॅडम?" असं ऐकू आलं आणि मी वर न बघताच म्हटलं, "या, बसा. कोणाला घेऊन आलात?"

"मलाच घेऊन आलोय," तो म्हणाला.

वर बघितलं तर समोर उंच, मिशी राखलेला तरुण. मी ओशाळले. त्याला सवय होती. फोनवरची गिऱ्हाइकं त्याला बाई समजत. ऑफिसातली पोरं त्याची नक्कल करत. आता लग्नाचं बघत होते, आणि दोन ठिकाणी मुलीच्या वडिलांनी फोनवर त्याच्याशी बोलून पुढे निरोपच धाडला नव्हता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती: स्वरयंत्र पूर्ण वाढलेलं, दोष नाही. मी त्याला म्हटलं, "जरा खोका."

तो खोकला. खोल, भरदार खोकला. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. माणसाला आवाज धरून ठेवता येतो, खोकला धरता येत नाही. काही मुलांचा घसा मोठा होतो, पण आवाज जुन्या उंच जागेवरच राहतो. सवय लागून जाते. असे पेशंट माझ्याकडे वर्षाला दोन-तीन येत आणि त्यांना बरं करणं हा माझ्या कामातला सगळ्यात झटपट चमत्कार होता.

मी त्याच्या कंठमण्यावर बोट ठेवलं, किंचित आत आणि खाली दाबलं, म्हटलं, "आऽ म्हणा. जोर नको. जांभई आल्यासारखं."

आणि त्या गोधड्यांच्या खोलीत एक तिसरंच माणूस बोललं. विहिरीच्या तळाशी कुणी घागर बुडवावी तसा तो "आऽ" होता. गजाननने चटकन मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"कोण बोललं?" त्याने विचारलं, आणि तेही त्याच आवाजात. मग दोन्ही हात तोंडावर ठेवून तो बसून राहिला. मी हसत होते. मला वाटलं, आनंदाने भांबावलाय. मी केसपेपरावर "उत्तम प्रतिसाद" असं लिहिलं आणि रोज घरी अर्धा तास मोठ्याने वाचायला सांगितलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती हे मला दिसलं होतं. ती कशाची हे मी विचारलं नाही. केसपेपरावर तसा रकाना नव्हता.

शनिवारी दुपारी त्याच्या आधीची वेळ मधुराची असे. मधुरा पुण्याचीच, कोथरूडची, वय तिशीच्या जवळ. गजाननच्या कंपनीच्याच इमारतीत तिचं ऑफिस; काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. जन्मदाखल्यावर तिची नोंद मुलगा म्हणून होती. पण आपण मुलगी आहोत हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं, आणि आता ती तशी राहू लागली होती. आवाज तेवढा मागे राहिला होता. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी तिला "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग बघू" म्हणून वाटेला लावलं होतं. चिठ्ठीची गरज नव्हती. मला घाबरायला झालं होतं, एवढंच. ती वर्षभराने पुन्हा आली आणि दारातूनच म्हणाली, "चिठ्ठी आणलेली नाही. परत घालवणार असाल तर चप्पल काढत नाही." मी तिला आत घेतलं. ते गेलेलं वर्ष मला आजही टोचतं.

तिचं काम गजाननच्या उलट आणि दसपट कठीण. जाड झालेल्या घड्या पुन्हा पातळ होत नाहीत. मग चाल बदलायची, श्वास बदलायचा. मी तिला शिकवू लागले: वाक्याचा शेवट हलका सोडा, मागायच्या आधी जरा घुटमळा, मध्येच "ना" घाला. दोन महिने तिने ऐकून घेतलं. एक दिवस म्हणाली, "मॅडम, तुम्ही अशा बोलता का?"

"नाही," मी म्हटलं.

"तुमचा आवाज तर माझ्यापेक्षा जाड आहे. तुम्हाला कुणी बाई नाही असं म्हणालं का?"

मी कधीच नव्हते अशी एक बाई मी तिला शिकवत बसले होते. त्या दिवसापासून आम्ही ते घुटमळणं सोडून दिलं आणि तिला स्वतःच्या बोलण्यात सुखाने बसता येईल अशी जागा शोधू लागलो. ती सापडायला पुढे दीड वर्ष लागलं, पण सापडली.

तर हे दोघं बाकड्यावर भेटत. गजाननचा नवा आवाज आठवड्याचा झाला होता तेव्हाचं त्यांचं बोलणं मी दाराआडून ऐकलं. (ऐकणं हाच माझा धंदा, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही.)

गजानन सांगत होता, "आधी गिऱ्हाइकाला उत्तर दिलं की ते विचारायचे, नक्की ना? वरच्या साहेबांना विचारून सांगता का? आता तेच उत्तर देतो. थँक यू म्हणून फोन ठेवतात. काम तेच, डोकं तेच."

"माझं उलटं झालं," मधुरा म्हणाली. "पूर्वी मीटिंगमध्ये बोलले की लोक लिहून घ्यायचे. आता मी बोलते, मग शेजारचा तेच पुन्हा बोलतो, मग लिहून घेतात."

दोघंही हसली. मी मात्र आत उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी माणसांचे आवाज खालीवर करत आले होते. त्याबरोबर त्यांची किंमतही खालीवर होते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी गजानन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मधुरानेच सांगितलं, "मॅडम, तो परत जुन्या आवाजात बोलायला लागलाय. कॅन्टीनमध्ये ऐकलं मी. विचारलं तर ताट उचलून निघून गेला."

मी त्याच्या ऑफिसात फोन केला. फोनवर तोच बारीक आवाज. "जमत नाही, मॅडम," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "रविवारी सकाळी खडकवासल्याला या. तिथे ऐकायला कुणी नसतं."

पाऊस संपून गेला होता आणि धरण काठोकाठ भरलेलं होतं. सकाळी पाण्यावर धुकं इतकं दाट की पलीकडचे डोंगर आहेत की नाहीत ते आठवूनच ठरवायचं. मधूनच पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेनासं होई. आम्ही काठाच्या दगडांवर बसलो. मी त्याला काही म्हणायला लावलं नाही. तो आपणहूनच बोलला, जुन्या आवाजात, धुक्याकडे बघत.

घरी फोन नव्हता. गावातल्या किराणा दुकानात फोन होता. तो रविवारी तिथे फोन करी, दुकानदार आईला बोलावून आणी. नवा आवाज आल्यावर पहिल्या रविवारी त्याने हौसेने फोन लावला. आई आली. तो म्हणाला, "माय, मी बोलतो." पलीकडे काही क्षण श्वास ऐकू आला आणि मग फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. पुन्हा लावला तर दुकानदार म्हणाला, बाई घरी गेल्या.

"तिला वाटलं असेल, दुसरंच कुणी आहे," मी म्हटलं.

"नाही, मॅडम. असं एकदा आधीही झालंय."

वडील तो तीन वर्षांचा असताना गेले. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते, काविळीने गेले. त्यांचा चेहरा फोटोतला, आवाज अजिबात आठवत नाही. आई आणि दोन मोठ्या बहिणींनी त्याला वाढवलं. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदा संध्याकाळी तो बाहेरून आला. दार आतून लावलेलं होतं. त्याने हाक मारली, "दार उघड वं!" आवाज फुटायचे दिवस, हाक अवचित जाड निघाली. आत काहीतरी धाडकन पडलं. बहिणीने दार उघडलं तर आई उंबऱ्याजवळ पडलेली, कपाळातून रक्त. ती त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. मग पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

"मला वाटलं, माझ्या आवाजाने तिला काहीतरी झालं," गजानन म्हणाला. "ठरवलं असं नाही काही. पण मी तो आवाज पुन्हा काढला नाही. नंतर काढायचा म्हटलं तरी सापडेना."

धुकं विरायला लागलं होतं. मी जे सवयीचा दोष समजून बसले होते ते दहा-अकरा वर्षं चाललेलं मौन होतं. मी एवढंच म्हटलं, "आईला बोलावून घ्या. मला त्यांच्याशी बोलायचं आहे."

बोलवायची वेळ आलीच नाही. चारच दिवसांनी बेबीताई, म्हणजे गजाननची आई, आपणहून गाडीत बसून पुण्याला आल्या आणि तो त्यांना घेऊन माझ्याकडे आला. काटक बाई, नऊवारी लुगडं, कपाळावर जुन्या जखमेची रेघ. आल्या आल्या त्यांनी भिंतींच्या गोधड्यांचे टाके चाचपून बघितले आणि म्हणाल्या, "बाई, कोनं शिवल्या? टाके मोठे झाले."

"मीच शिवल्या," मी म्हटलं.

"दिसूनच रायलं."

पुण्यात राहून मी अशी उत्तरं खूप ऐकली आहेत, पण वर्ध्याहून आलेलं हे पहिलंच. मग त्या गजाननकडे वळल्या. "बोल नं आता. फोनवर बोलला होता तसा."

तो जुन्या आवाजात म्हणाला, "माय, तुला त्रास होतो."

"कोनं सांगतलं?"

"तूच फोन ठेवलास."

बेबीताई पदराशी चाळा करू लागल्या. "दुकानात चार मानसं होती," त्या म्हणाल्या. "त्याईच्यासमोर कशी रडू?"

"आणि त्या दिवशी? मी बाहेरून हाक मारली तेव्हा? तू घाबरून पडलीस."

"मी घाबरली नोती रे!" त्यांचा आवाज एकदम चढला. "मले वाटलं, थे आले. तुह्या बाचाच आवाज. कामावरून आले की असेच म्हनत. मी पळून रायली होती दाराकडं. लुगड्यात पाय अडकला."

खालचं कापायचं यंत्र थांबलं होतं. गजानन अगदी हळू म्हणाला, "मग दोन दिवस बोलली का नाहीस?"

"लाज वाटली." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, त्याच्याकडे बघणं त्यांना जमत नव्हतं. "पोरी लग्नाच्या झाल्या होत्या, बाई. आन् मी दहा वर्सांमागं मेलेल्या मानसासाठी अशी धावली. रांडमुंड बाईनं असं धावावं काय? कोनाले सांगू? मंग याचा आवाज बारीकच रायला. गावचे लोकं नावं ठेवत. मी म्हनलं, माह्याच पापाचं फळ. गंडे बांधले, नवस केले. यानं काहून असं केलं ते मले ठाव असतं तर..."

मी पाण्याचा पेला पुढे केला. तो गजाननने माझ्या हातातून घेतला, आईच्या पायाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "पानी पे, माय."

तो तळाचा आवाज होता. मी बोट लावलं नव्हतं.

बेबीताईंनी डोळे मिटले. त्या पाणी प्यायल्या नाहीत. पेला दोन्ही हातांत धरून तशाच बसून राहिल्या, आणि म्हणाल्या, "आनखी बोल. काहीबी बोल."

तो बोलत राहिला. गाडीत जागा मिळाली का, दुपारी काय जेवणार, धाकट्या ताईच्या पोराचे दात आले का. मीही डोळे मिटले. खुर्चीवर कोण आहे आणि जमिनीवर कोण आहे, कुठलं साल चाललंय, सगळं थोडा वेळ सुटून गेलं. तिथे कुणीतरी कामावरून घरी आलं होतं आणि घरच्या गोष्टी विचारत होतं.

मग बेबीताई डोळे न उघडताच हसल्या. "आवाज थ्याईचा हाय. पन बोलनं माह्यं. थे असे हळू नोते बोलत. थे एका दमात बोलत, बैलबंडी रिकामी केल्यावानी. हा माह्यावानी थांबून थांबून बोलते."

कधी न ऐकलेल्या बापाचा घसा आणि सांभाळणाऱ्या आईची चाल. परीक्षेत यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्या बाईने ते नुसतं ऐकून सांगितलं.

गजाननचं पुढच्या वर्षी लग्न झालं. मधुरा लग्नाला वर्ध्याला गेली होती आणि मुलीकडच्या बायकांत बसून जेवली, हे तिने मला आल्यावर दोनदा सांगितलं. पण मला लग्नाचं नाही, त्या दुपारचं सांगायचंय. निघताना बेबीताई जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबल्या. भिंतीवर बुकबाइंडरने लावलेली पाटी होती. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी गजाननला विचारलं, "काय लिवलं हाय?"

"जिन्यात उभे राहून गप्पा मारू नयेत," त्याने वाचलं.

"आन् थे?"

"छत्री बाहेर झटकावी. आत पुस्तके आहेत."

मी खिडकीत येऊन उभी राहिले. खाली उन्हात दोघं संथ चालली होती. आई प्रत्येक दुकानापुढे थांबायची, बोट दाखवायची, आणि तो वाचायचा: पंचांग मिळेल, दुपारी एक ते चार बंद, पत्ता विचारण्यापूर्वी नीट वाचा. दुकानदार माना वर करून बघत होते. तिला त्या पाट्यांचं काही पडलेलं नव्हतं. गल्ली वळेपर्यंत तिने एकही पाटी सोडली नाही.